दुसऱ्या पसंतीची नऊ दारं

१

विनीमावशी आपल्याच घराच्या पायऱ्यांखाली उताणी पडली होती. एक सपात पायात, दुसरी वरच्या पायरीवर. तिच्या केसांवर भुरभुर बर्फ बसला होता आणि तो वितळत नव्हता. ते पाहिल्यावर हाक मारण्यात काही अर्थ नाही हे इडेला क्राउलीला कळलं. तरी तिने हाक मारली, आणि उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा मारली.

इडेला ग्रिंडल बेटाची चिटणीस होती. मतदारयादी, जन्म-मृत्यू, कुत्र्यांचे परवाने, सगळा कारभार तिच्याकडे. आत्ता ती मावशीला घरपोच मतपत्रिका द्यायला आली होती. म्हातारीने फोनवर बजावलं होतं, "मी काही त्या सभागृहात पाऊल ठेवायची नाही बाई. तूच घेऊन ये. आणि दाराशी आलीस की तोंडाने बोल. आवाज ओळखल्याशिवाय मी कडी काढणार नाही." विनी थॅक्स्टरला सगळं गाव मावशी म्हणायचं, आणि दोन आठवड्यांपासून ही सगळ्या गावाची मावशी दिवसासुद्धा कडी लावून बसायची.

आता कडी काढलेली होती. दार सताड उघडं होतं. दाराच्या मुठीला एक दोर अडकवलेला होता, आणि दोराला एक लाकडी बोया लटकत होता. शेवंडांच्या पिंजऱ्यांवर खूण म्हणून तरंगत ठेवतात तसलाच. त्यावर पांढऱ्या रंगात एकच आकडा काढला होता, दोन.

या बेटावर बोयाच्या दोराचा अर्थ शेंबड्या पोरालाही समजतो. दुसऱ्याच्या पाण्यात कुणी पिंजरे टाकले, तर त्याच्याशी भांडायचं नाही. त्याच्या बोयाच्या दांडीला दोराचे दोन वेढे मारून ठेवायचे. शहाण्याने पिंजरे उचलावेत. नाही उचलले, तर पुढच्या खेपेला दोर कापलेला सापडतो, आणि कुणी कापला हे कुणी विचारत नाही. समुद्रातली ही ताकीद आता गावातल्या घरांच्या दारांवर आली होती. मावशीचं दार नववं.

पण बाकीच्या आठ दारांवर दोन वेढे होते. इथे एकच होता. दुसरा घेता घेता सुटल्यासारखा मोकळा लोंबत होता.

घरातून करपल्याचा वास येत होता. इडेला आत धावली आणि तिने शेगडी बंद केली. किटलीतलं पाणी केव्हाच आटून बूड काळं पडलं होतं. टेबलावर चहाचे कप मांडलेले होते. मावशी एकटी राहायची, आणि कप दोन होते.

२

पोलीस म्हणून जिल्ह्याच्या गावाहून व्हर्ना स्प्रेग आली. बोटीतून उतरली तेव्हा तिचा चेहरा हिरवट पडला होता. तिला बोट लागायची, म्हणून ती सारखी खारी बिस्किटं चावत असायची. कोटावर चुरा, नाक लाल, अवतार असा की हिला कुणी चहासुद्धा विचारू नये. इडेलाला जरा निराशाच वाटली.

"पहिल्यापासून सांगा," व्हर्ना म्हणाली. "मी जरा मठ्ठ आहे असं समजून सांगा."

इडेलाने सांगितलं. नोव्हेंबरात बेटाने पहिल्यांदा पसंतीक्रमाने मतदान केलं. पंचप्रमुखाच्या जागेला तिघं उभे होते. एक कॅरल डायर, धक्क्याचा मालक. बेटावरची सगळी शेवंडं तोच विकत घेतो आणि गेली कित्येक वर्षं पंचप्रमुखही तोच. दुसरा नेट ऑसगूड, तरुण, कोळ्यांचा सहकारी धक्का बांधू म्हणणारा. त्यासाठी पैसा कुठून? तर बेटावरची शाळा बंद करायची, पोरांना बोटीने किनाऱ्यावरच्या शाळेत धाडायचं. आणि तिसऱ्या, ती शाळा तीस वर्षं चालवणाऱ्या लेटी बार्बर. त्यांना सगळे बाईच म्हणतात. त्या शाळेसाठी उभ्या राहिल्या.

"पहिल्या पसंतीची मतं?"

"कॅरल बावन्न, नेट पंचेचाळीस, बाई नऊ. एक मतपत्रिका कोरी. कुणालाच निम्म्याच्या वर नाहीत, म्हणून शेवटच्या बाई बाद. त्यांच्या नऊ जणांची दुसरी पसंती मोजली. नऊच्या नऊ नेटला. नेट चोपन्न, कॅरल बावन्न." इडेला थांबली. "निकाल मीच दुकानाच्या दारावर लावला. सगळ्या फेऱ्यांसकट. कायदाच आहे तसा."

मग फेब्रुवारीत नेटच्या पोराच्या झोपाळ्याला कुणीतरी त्याच्याच रंगांचा बोया टांगला, दोन वेढे मारून. नेट समुद्राला भीत नाही, पण बायकोने पोरांचे कपडे भरले आणि ते कुटुंब बेट सोडून गेलं. त्याने राजीनामा दिला. आता पोटनिवडणूक होती, कॅरलसमोर रॉक्सी हॅच नावाची कोळीण आणि दुकानदार मर्टन. ती जाहीर झाली आणि नऊ दारांवर दोनचा आकडा लागायला लागला.

"मतं नऊ, दारं नऊ," इडेला म्हणाली. "लोकांनी काय समजायचं? कुणीतरी डबा उघडून मतपत्रिका वाचल्या, आकड्यांच्या वळणावरून माणसं ओळखली आणि नेटला दुसरी पसंती देणाऱ्यांना हेरलं. डब्याची किल्ली माझ्या गळ्यात असते. पंचांनी मला तोंडावर सांगितलं, निवडणूक उरकू दे, मग तुझं बघतो."

"आणि उद्या मतदानाला किती येतील?"

"कॅरलची माणसं येतील. त्यांना कसली भीती? बाकीचे घरात बसणार. दुकानात माझ्याशी बोलायचंही बंद केलंय त्यांनी." तिने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "मी उघडला नाही हो तो डबा."

व्हर्नाने बिस्किटाचा तुकडा मोडला. "मावशी कुणाला दार उघडायची?"

"मला."

"आणि?"

"बाईंना. त्या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते इडेलाच्या ध्यानात आलं. तिने आपलंच नाव आधी घेतलं होतं. व्हर्ना तिच्याकडे बघत होती आणि आता ती मुळीच मठ्ठ दिसत नव्हती.

३

कॅरल डायर धक्क्यावरच्या खोलीत शेवंडं तोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"मी? लपूनछपून दारादारांवर दोऱ्या बांधत फिरेन?" तो हसला. "ज्याला धाक दाखवायचा त्याला मी भाव पाडून दाखवतो हो. भर दिवसा, पावती देऊन."

"तुम्ही दोन मतांनी हरलात. झोंबलं असेल."

"झोंबलं. पण कुणी दगा दिला ते मला कसं कळणार? मला दिलेली माणसं तेवढी मी ओळखतो. माझ्या बोटींवरची सगळी. आल्टन बील. त्याने तर स्वतः येऊन हात हातात घेऊन सांगितलं, कॅरल, तुलाच दिलंय."

इडेला चपापली. आल्टनच्या दारावर तर तिसऱ्याच दिवशी बोया लागला होता. तिने व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्ना नाक पुसत होती.

"बाई कशाला उभ्या राहिल्या?" व्हर्नाने विचारलं. "नऊ मतांच्या धनी त्या."

कॅरलने काटा पुन्हा शून्यावर आणला, तो होताच शून्यावर. "लोकशाही आहे. कुणीही उभं राहावं," तो म्हणाला.

शाळेत पाच पोरं गणितं करत होती. बाईंनी त्यांना बाहेर खेळायला काढलं आणि दार लोटलं. डोळे रडून सुजले होते. बेटावरच्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येक माणसाला अक्षर गिरवायला त्यांनी शिकवलं होतं, इडेलालाही. त्यांच्यासमोर बसलं की तिचे हात आपोआप मांडीवर जायचे.

"विनीला कोण मारेल गं?" बाई म्हणाल्या. "आणि माझ्या दारावर तर सगळ्यांत आधी लागला तो बोया."

"तुम्ही नेटला दुसरी पसंती दिली होती का?" व्हर्नाने विचारलं.

"नेटला? शाळेला कुलूप लावणाऱ्याला?" बाई ताठ बसल्या. "पहिली मी, दुसरा कॅरल. उघड सांगत होते मी सगळ्यांना. मी पडले तर दुसरा कॅरल लिहा, तो शाळा ठेवणार आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या हातचा केक खाऊन, माझ्या टेबलाशी बसून माना डोलावल्या, आणि आत जाऊन नेटला दिलं."

"कोण कोण आले होते टेबलाशी?"

"ते मी सांगणार नाही. कुणाचं नाव मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. कॅरललासुद्धा नाही."

बाहेर पडल्यावर व्हर्ना शाळेच्या कुंपणाशी थांबून पोरांचा खेळ पाहत राहिली. "भली बाई आहे," ती म्हणाली.

"देवमाणूस," इडेला म्हणाली.

"हं. मग मी न विचारता कॅरलचं नाव कशाला घेतलं त्यांनी?"

इडेलाला तिचा राग आला. मेली ही किनाऱ्यावरची माणसं, सगळ्यांवर संशय घेतात. पण घरी परतताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. स्वतःच्या दाराशी पोचल्यावर मुठीला हात लावायच्या आधी ती नुसती बघत उभी राहिली. मूठ मोकळी होती. तिच्या दारावर कधीच काही लागलं नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त छळत होतं.

४

त्या संध्याकाळी आल्टन बील आपल्या खोपटात पिंजऱ्यांची जाळी विणत बसला होता. बायको गेलेली, एकुलता मुलगा समुद्राने नेलेला. सत्तरी उलटली तरी रोज बोट काढायचा. व्हर्नाला पाहून त्याने तिच्यासाठी बादली उपडी करून दिली.

"बसा. खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर मांजर आहे."

व्हर्ना बादलीवर बसली. "तुम्ही कॅरलला सांगितलंत, मत तुला दिलं म्हणून."

"हो."

"मग बाईंचा मतदार म्हणून तुमच्या दारावर बोया कसा लागला?"

म्हाताऱ्याची सुई थांबली. त्याने इडेलाकडे पाहिलं, मग मांजराकडे. "हिला बाहेर पाठवा आधी."

"मी कुठे जात नाही," इडेला म्हणाली. "माझी नोकरी चाललीय आल्टन. लोक मला चोर म्हणतायत. काय असेल ते बोल."

"बाईंनाही सांगितलं होतं, तुम्हाला दिलं म्हणून," तो पुटपुटला. "त्यांनी विचारलं. माझ्या पोराला वाचायला शिकवलं त्यांनी. तोंडावर नाही म्हणू?"

"आणि नेटला?"

"नेटलाही सांगितलं. तो माझा धर्मपुत्र आहे, बाप्तिस्म्याला मीच धरला होता त्याला." त्याचे कान लालबुंद झाले होते. "तुम्हाला हसू येईल. पूर्वी बरं होतं, एकावर फुली मारायची आणि मोकळं व्हायचं. आता म्हणे क्रम लावा. पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण. अहो, माझा माल कॅरल घेतो. बाईंनी पोराला शिकवलं. नेटला मी मांडीवर घेतलाय. यातला तिसरा कोण म्हणू मी? पडद्याआड उभा राहिलो, पेन्सिल हातात धरली आणि घाम फुटला. मग तशीच टाकली डब्यात."

"कोरी?" इडेला ओरडलीच. "ती कोरी मतपत्रिका तुझी?"

"हळू बोल की! सगळ्या बेटाला ऐकवायचंय का?"

इडेलाला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. व्हर्ना मात्र हसत नव्हती. ती बादलीवरून हळूहळू उठली.

"म्हणजे डबा कुणीही उघडलेला नाही," ती म्हणाली. "उघडला असता तर आल्टनचं नाव निघालंच नसतं." मग तिने विचारलं, "आल्टनने तीन माणसांना तीन गोष्टी सांगितल्या. तो बाईंचा मतदार आहे असं समजणारं माणूस या बेटावर कोण?"

इडेलाने खिडकीतून शाळेच्या दिशेने पाहिलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह उघडलं. इडेलाने डबा रिकामा करून दाखवला, कुलूप लावलं, पेन्सिलींना टोकं केली. यादीच्या टेबलाशी नेहमीप्रमाणे बाई बसल्या. नोव्हेंबर सोडला तर दर निवडणुकीला नावं तपासायचं काम त्यांचंच. काल रात्री इडेलाने व्हर्नाला विनवलं होतं, त्यांना तिथे बसू देऊ नका. व्हर्ना म्हणाली होती, बसू द्या.

कॅरल आला, मत दिलं आणि न जाता मागच्या बाकावर बसला. त्याची माणसं एकेक करून आली आणि डोकं खाली घालून गेली. मग कुणीच येईना.

खिडकीतून दुकान दिसत होतं. दुकानाच्या ओसरीवर तीस-चाळीस माणसं उभी होती. सभागृहाकडे बघत होती, पण रस्ता कुणी ओलांडत नव्हतं. मावशीचा मुलगा त्यांत होता, किनाऱ्यावरून आलेला. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत ही सगळी इडेलाची माणसं होती. आता त्यांच्या नजरा काचेतूनही तिला टोचत होत्या.

आल्टन तेवढा आत आला. त्याच्यामागून व्हर्ना आली आणि तिने दार लावून घेतलं.

"बाई, एक गणित विचारू?" ती म्हणाली. "पोरांना घालता तसलंच आहे."

"विचारा."

"तुम्ही मला सांगितलंत, पहिली पसंती मी, दुसरी कॅरल."

"सांगितलं."

"तुम्हाला पहिल्या पसंतीची मतं नऊ. त्यांत तुमचं स्वतःचं एक धरू. तुम्ही बाद झालात, तेव्हा तुमचं मत कॅरलला जायला हवं. मग कॅरलला एक, नेटला आठ." व्हर्नाने खिशातून बिस्किट काढलं आणि न खाता हातात धरलं. "पण गेली नऊच्या नऊ नेटला. कॅरलला एकही नाही. तुमचं मत कुठे गेलं?"

इडेलाच्या हातातली पेन्सिल टेबलावरून घरंगळून खाली पडली. चार महिने तिने ते आकडे दिवसातून दहा वेळा वाचले होते. स्वतःच्या हाताने दुकानावर लावले होते. आणि तिला ते दिसलं नव्हतं.

"मी..." बाई म्हणाल्या. "कदाचित मी नेटला लिहिलं असेल. गडबडीत."

"शाळेला कुलूप लावणाऱ्याला?"

"लेटी, पुरे कर," मागून कॅरल म्हणाला. त्याचा आवाज दबका होता. "तिने पहिलं मत मला दिलं. उभं मीच केलं होतं तिला. त्यात गुन्हा नाही काही. मतं खायला तिसरा उभा करायचा, हे मी वर्षानुवर्षं करत आलोय. नेटची दहा-पंधरा मतं फुटतील, मी निघेन, शाळा राहील, असं ठरलं होतं."

"आणि या नव्या पद्धतीत खाल्लेली मतं परत जातात, हे तुमच्या डोक्यात आलं नाही," व्हर्ना म्हणाली. "तुम्ही जुन्या हिशेबाने डाव टाकलात. बाईंनी नेटची मतं जमवली आणि पहिली फेरी संपताच होती तशी त्याला परत मिळाली."

कॅरलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पण दारांचं मला काही माहीत नाही. देवाशपथ."

"नसेलच. आल्टन तुमचा मतदार आहे असं तुम्ही समजत होतात, त्याच्या दारावर तुम्ही कशाला जाल? आल्टनला आपला समजणारं एकच माणूस आहे, आणि टेबलाशी आलेल्यांची नावं आपण कुणालाही सांगितली नाहीत हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं. नऊच्या नऊ मतं नेटला गेली, म्हणजे आपल्याला मत देणाऱ्या प्रत्येकाने नेटला लिहिलं. त्यासाठी डबा उघडायला लागतच नाही. बाईंना आठ नावं ठाऊक होती. लोक नऊ मोजणार, म्हणून उरलेलं एक दार स्वतःचं. उमेदवार स्वतःला मत देतोच असं सगळे धरून चालतात."

"आठांत मी खोटा," आल्टन म्हणाला.

"तुम्ही खोटे आणि बाई खोट्या. म्हणजे खऱ्या नऊतली दोन दारं कोरी राहिली."

इडेला उठून उभी राहिली. आयुष्यात तिने आपलं मत नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, चिटणिसाला मतच नसावं, म्हणजे लोक निर्धास्त राहतात. "एक माझं होतं," ती म्हणाली. "बाई, मी तुम्हाला पहिली दिली होती. तुमच्या टेबलाशी आले नाही, कुणाला बोलले नाही. पण तुम्हाला दिली होती."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ त्यांचा चेहरा दगडासारखा होता, तो आता हलला.

"मावशी तुम्हाला पाहून आनंदली असणार," व्हर्ना शांतपणे म्हणाली. "खिडकीतून तुम्हाला येताना पाहिलं, दुसरा कप मांडला, कडी काढली. तेव्हा तुमच्या हातात दोर होता. एक वेढा मारून झाला होता."

कॅरलने मान खाली घातली होती.

"मला कुणाला मारायचं नव्हतं," बाई म्हणाल्या. त्या यादीवरची नावं बोटाने चाचपत होत्या. "नेटने बेट सोडावं, बाकीच्यांनी घरात बसावं, एवढंच हवं होतं. पुन्हा तेच झालं असतं. मग ती पाच पोरं हिवाळ्यात बोटीतून जाणार, लाटा अंगावर घेत. आल्टनचा मुलगा मी शिकवलेला होता. मला पुन्हा एकाचंही नाव समुद्राने नेलेल्यांच्या दगडावर कोरलेलं बघायचं नव्हतं."

"विनीमावशी," इडेला म्हणाली. "मावशीचं काय झालं ते सांगा."

"ती बाहेर पायरीवर आली, दोर पाहिला आणि म्हणाली, लेटी, तू? एवढंच. आणि मागे सरली. पायरीवर बर्फ होता." बाईंनी डोळे मिटले. "मी हात पुढे केला नाही. फाटकापर्यंत गेले तेव्हा ती हाका मारत होती. माझ्याच नावाने. मला वाटलं, शेजारी ऐकतील. पण सगळे कड्या लावून बसले होते. मीच बसवले होते."

६

आल्टनच बाहेर गेला. रस्त्याच्या मध्यावर उभा राहून त्याने ओसरीवरच्या माणसांना सगळं सांगितलं. कोऱ्या मतपत्रिकेचंही सांगितलं, आणि सांगताना त्याचे कान पुन्हा लाल झाले असतील. मग ती माणसं रस्ता ओलांडून आली, एकमेकांना खेटून. पण दाराशी अडली.

"डबा नाही उघडला, मान्य," रॉक्सी हॅच म्हणाली. "पण आता तर नुसत्या आकड्यांनीच कळतं असं आल्टन सांगतोय. मग कशाला मत द्यायचं?"

"कळतं," इडेला म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "नऊ जणांनी मिळून एकच केलं, म्हणून कळलं. थोडे आलात तर पुन्हा कळेल. सगळे आलात, तर कुणाच्या बापाला काही कळायचं नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका हवं तर. शेजारच्याला बोलावून आणा."

कुणीतरी खाकरलं. मग मर्टनची म्हातारी सासू काठी टेकत आत आली आणि म्हणाली, "सरा बाजूला, मला उभं राहवत नाही." तिच्यामागे रांग लागली. कुणीतरी मागे वळून घरी धावलं, भावाला आणायला. आल्टनने पडद्याआड इतका वेळ लावला की मागच्यांनी "झोपलास का रे?" म्हणून हाका मारल्या.

दुपारच्या बोटीने व्हर्ना बाईंना नेणार होती. निघताना बाई यादीच्या टेबलाशी थांबल्या, पलीकडच्या बाजूला.

"मला मत देता येईल?" त्यांनी विचारलं.

मावशीचा मुलगा पुढे आला. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. "हिला? इडेला, हिला देशील तू?"

इडेलाला वाटत होतं, द्यायची नाही. कालपर्यंत हिच्यासमोर मी हात मांडीवर ठेवून बसत होते, आणि माझी मावशी तिकडे बर्फात हाका मारत होती. पण कायदा तिला पाठ होता. खटला चालू असो नाहीतर शिक्षा झालेली असो, या राज्यात मताचा हक्क जात नाही.

"यादीत नाव आहे त्यांचं," ती म्हणाली. बाईंच्या बोटांना हात लागू नये म्हणून तिने मतपत्रिका टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलली. पडद्याआड जाऊन आल्या, घडी डब्यात टाकली आणि व्हर्नाबरोबर धक्क्याकडे चालू लागल्या. मावशीचा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

संध्याकाळी मोजणीला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. नोव्हेंबरपेक्षा वीस मतं जास्त पडली होती. इडेला एकेक मतपत्रिका उघडून मोठ्याने वाचत होती. रॉक्सी, कॅरल, रॉक्सी, मर्टन. मग एक उघडली आणि ती थांबली.

छापलेल्या तिन्ही नावांपुढे काहीच नव्हतं. खाली यादीबाहेरच्या कुणाचं नाव लिहायची जी मोकळी ओळ असते, तिथे सुबक, गोल, फळ्यावरच्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'विनी थॅक्स्टर'. पहिली पसंती. दुसरी नाही.

"काय गं?" कुणीतरी विचारलं.

"विनी थॅक्स्टर, एक," इडेलाने वाचलं. मावशीच्या मुलाने मान वर केली.

लोक कुजबुजू लागले. ज्याच्या त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणी लिहिलं असेल?" रॉक्सीने विचारलं. "अक्षर दाखव की."

बेटावरच्या निम्म्या माणसांचं अक्षर तसंच होतं, एकाच हाताने वळवलेलं. पण इडेलाला त्यातला पहिला हात कुठला ते ओळखता येत होतं. तिने मतपत्रिका पालथी करून बाद मतांच्या गठ्ठ्यात ठेवली.

"मतदाराने," ती म्हणाली, आणि पुढची उघडली.